थेंबाला वळसा

झुरळ थेंबापाशी आलं, मिशा हलवल्या, तोंड लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे सरलं. मग मिशा साफ करून त्याने थेंबाला ऐसपैस वळसा घातला आणि ते भिंतीच्या कडेने निघून गेलं.

बाळांच्या खोलीच्या काचेच्या अलीकडून यमाजी बघत होता. तो विषाचा थेंब त्यानेच ठेवलेला होता; या हॉस्पिटलातली झुरळं मारायचं काम त्याच्याकडेच होतं. आणि झुरळ ज्या पेटीच्या खालून निघालं होतं, त्या पेटीत त्याची नात झोपली होती.

यमाजी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. झुरळं, ढेकूण आणि उंदीर मारण्याचा धंदा बापाकडून आला, लग्नात मेहुण्याने चेष्टेत हे नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. त्याला राग नव्हता. उलट दुकानाच्या पाटीवरही तो तेच रंगवणार होता, पण दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, डोळे वटारले. नातीचं नावही असंच पडलं. सातव्या महिन्यातच बाहेर आलेला तो जीव बघून लेक म्हणाली, "बाबा, ही तर मुंगी आहे. तुमच्यापासून लपवून ठेवायला हवी." पोट फाडून बाळ काढलेलं, अंगात ताप, नवरा दूर बोटीवर, आणि हिला विनोद सुचत होते. यमाजी तेव्हा हसला आणि मग जिन्यात जाऊन रडला.

मुंगीच्या अंगावर स्वतःची ऊब राखण्यापुरतीही चरबी नव्हती. ती ऊब काचेची पेटी देत होती. श्वास ती आपला आपण घेत होती, पण मधूनच विसरायची. मग मोठ्या सिस्टर पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिच्या तळव्यावर टिचकी मारायच्या आणि ती दचकून पुन्हा श्वास घ्यायची. सुई टोचायच्या आधी सिस्टर प्रत्येक बाळाच्या ओठावर साखरपाण्याचा एक थेंब ठेवायच्या. बाकीची बाळं मिटक्या मारायची. मुंगीच्या ओठावरून थेंब तसाच ओघळून जायचा.

"चाटेल," सिस्टर म्हणाल्या होत्या. "ज्या दिवशी ही गोड चाटेल ना काका, त्या दिवशी समजायचं, पोरीने जगायचं मनावर घेतलं."

आणि आता हे झुरळ. तेही भर दुपारी. दिवसाढवळ्या झुरळ दिसलं म्हणजे आत जागा उरलेली नाही, हे यमाजीने हजार गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. आज ते स्वतःला ऐकवायची पाळी आली होती.

तो उठून दारावर टकटक करणार, तेवढ्यात आतून कर्कश घंटा सुरू झाली. घंटा मुंगीच्या नव्हे, शेजारच्या पेटीची होती. सिस्टर धावल्या, दुसरी परिचारिका धावली, तिथलं बाळ उचलून कोपऱ्यातल्या राखीव पेटीत ठेवलं गेलं. यंत्रवाला आला. हॉस्पिटलातली सगळी यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस एरवी शीळ घालत यायचा, आज तो गप्प होता. बंद पडलेली पेटी त्याने बाहेर ओढली, खालचं झाकण काढलं आणि चिमट्याने काहीतरी उचलून यमाजीसमोर धरलं.

करपलेलं झुरळ होतं. दोन तारांच्या मध्ये आडवं पडून स्वतः मेलं होतं आणि जाताना पेटीही घेऊन गेलं होतं.

"तुमचंच गिऱ्हाईक ना?" यंत्रवाला म्हणाला.

सिस्टर बाहेर आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे यमाजीला जास्त भीती वाटली.

"काका, मागच्या फेरीला तुम्ही काय सांगितलं होतं? आता शोधूनही सापडणार नाही म्हणून."

"सांगितलं होतं खरं."

"राखीव पेटी होती ती गेली. आता एकही नाही. इथे मी फवारा मारू देणार नाही, ही बाळं तोच श्वासात ओढणार. आणि तुमची मुंगी शेजारीच आहे. तिची पेटी बंद पडली तर मी तिला कुठे ठेवू?"

यमाजीने दादाला फोन लावला.

त्यांच्या धंद्याची एक पद्धत होती आणि दोघा भावांना तिचा फार अभिमान होता. दुकानाच्या मागच्या खोलीत बापाच्या वेळेपासूनची काचेची टाकी होती, तिच्यात पाळलेली झुरळं. साखरेच्या पाकात ग्लुकोज आणि विष मिसळून दादा जे चाटण बनवायचा, त्याचा प्रत्येक घाणा आधी टाकीतल्या चार झुरळांना चारला जायचा. ती मेली की चाटण पास. बाकीची टाकीत सुखाने नांदायची आणि पिल्लं घालायची. बाप म्हणायचा, गुळाने मरतो त्याला विष कशाला, ही म्हण आपल्या धंद्यात अर्धीच खरी, आपल्याला गूळही लागतो आणि विषही. गिऱ्हाइकाकडे थेंब ठेवायचे आणि पुढच्या फेरीला बघायचे. थेंब चाटलेले दिसले तर झुरळं आहेत. थेंब जसेच्या तसे असले तर खायला कोणी उरलेलं नाही, घर साफ. इतका सोपा हिशेब.

"दादा, इथलं झुरळ थेंब खात नाही. तोंड लावतं आणि मागे पळतं."

"भलतंच काय! आजच सकाळी टाकीत टाकलं मी. तुटून पडली रे, लग्नाच्या पंगतीसारखी."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"मग गोड वाढव. मागेही कमी खायला लागली तेव्हा आपण काय केलं? गोड वाढवलं."

गोड वाढवलं होतं, हे खरं होतं. त्याआधीही वाढवलं होतं. आणि दरवेळी काही फेऱ्यांनी थेंब अखंड दिसू लागले की दोघे भाऊ एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते. यमाजीला आता मागच्या फेरीतले ते गोल, चकचकीत, कोणी न शिवलेले थेंब आठवले. थेंब अखंड होते, पण त्याचा अर्थ झुरळं संपली असा नव्हता. झुरळं होती, पोटभर जेवत होती, फक्त त्याच्या ताटात जेवत नव्हती.

"दादा, टाकी विसर. विष घे, रिकाम्या बरण्या घे, व्हॅसलीनचा डबा घे आणि इकडे ये."

"अरे पण टाकीत..."

"टाकीतल्या झुरळांनी आयुष्यात काय बघितलंय? आयतं खाणं आणि आपली दोघांची तोंडं! ज्या चारांना चारतो ती तिथेच मरतात, आणि ज्यांना चारतच नाही त्यांचीच पैदास चालते. तू ये!"

दादावर तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता.

पण आपलंच म्हणणं खरं आहे की नाही, याची खात्री त्याला हवी होती. आता आणखी एक चूक परवडणारी नव्हती. हात धुण्याच्या मोरीमागे त्याने काडी घातली आणि बाहेर पळालेलं एक झुरळ पेल्याखाली पकडलं. सिस्टरांच्या खोलीत टेबलावर एका बाजूला साखरपाण्याचा थेंब ठेवला. दुसऱ्या बाजूला काय ठेवावं? सिस्टरांचा डबा उघडा होता, त्यात उकडलेलं अंडं होतं.

"घ्या," सिस्टर म्हणाल्या. "जेवण तसंही उतरणार नाही आता."

पेल्याखालचं झुरळ साखरेपाशी गेलं, चाखलं आणि मागे सरलं. मग पिवळ्या बलकाच्या कणावर असं बसलं की उठायचं नाव घेईना.

मागे बाळांच्या डॉक्टर येऊन उभ्या होत्या. उंच, थकलेल्या, चष्मा केसांत अडकवलेल्या.

"शिकली म्हणायची," यमाजी पुटपुटला. "माणसांसारखी शिकली."

"शिकलं कोणी नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "हजारांत एखादं जन्मतःच असं असणार, ज्याला गोड कडू लागतं. एरवी ते उपाशी राहिलं असतं. तुम्ही गोडातून विष दिलं. गोड आवडणारी सगळी मेली, हे एक उरलं. मग त्याची पोरं उरली, पोरांची पोरं उरली. आमच्या औषधांचंही हेच झालंय. तेच ते देत राहिलो आणि न मरणारे जंतू आपल्याच हाताने वाढवले. तुम्हाला बोलायला माझं तोंड नाही."

बोलणं सौम्य होतं, पण यमाजीला ते वर्मी लागलं. त्याने झुरळं मारली नव्हती. त्याने झुरळं निवडली होती. घरोघर जाऊन, खपून, प्रामाणिकपणे, आणि त्यांतली सगळ्यात तयार निवडून आणून आपल्या नातीच्या उशाशी ठेवली होती.

दादा आला तो घामाने निथळत. पेल्याखालचा प्रकार त्याने एकदा बघितला, दोनदा बघितला. बापाच्या पाककृतीवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाचा चेहरा उतरला, पण त्याने वाद घातला नाही. "बलक किती हवाय?" एवढंच विचारलं.

विष मात्र यमाजीने वापरू दिलं नाही. विष खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, सैरावैरा फिरतं आणि मरायला ऊब शोधतं. आणि या खोलीत ऊब पेटीतच होती. म्हणून बरण्या. बरणीच्या आतल्या काठाला व्हॅसलीन, तळाला बलक आणि शिळ्या पावाचा चुरा. आत पडलेलं पुन्हा वर चढू शकत नाही. सिस्टरांनी पडदे ओढले, दिवे मंद केले. दादाने बरण्या मुंगीच्या पेटीखाली सरकवल्या आणि दोघे भाऊ भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले.

आधी एक आलं. मग दोन. मग पेटीच्या बुडाशी असलेल्या फटीतून एकामागून एक, जणू आत कोणी पान मांडल्याची हाक दिली होती. टप्, टप् असा बरणीत पडल्याचा बारीक आवाज येत होता. दादाने यमाजीचा गुडघा दाबला. यमाजीला पहिल्यांदाच जरा मोकळा श्वास घेता आला.

आणि पेटीवरचा आकडा हलला.

उबेचा तो आकडा मघापासून एका जागी स्थिर होता. तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. यंत्रवाला वाकला, कान लावला, उठला.

"आत तारांवर अजून आहेत. बरण्यांची वाट बघत बसलो तर शेजारच्या पेटीचं झालं तेच होणार. ती आपली आपण बंद पडण्याआधी आपण बंद करू. उघडायची, झाडायची, पुसायची, लावायची. तेवढा वेळ बाळ बाहेर."

"बाहेर कुठे?" सिस्टर म्हणाल्या. "ही गार पडली तर श्वासच घेणार नाही."

"छातीवर," डॉक्टर म्हणाल्या. "उघड्या छातीवर, वरून पांघरूण. माणसाच्या अंगासारखी पेटी अजून कोणी बनवलेली नाही. आईला आणा."

"आईला ताप आहे, डॉक्टर. तुम्हीच आत येऊ देत नाही."

सगळ्यांच्या नजरा यमाजीकडे वळल्या. तो दोन पावलं मागे सरला.

"मी नाही. सिस्टर, या हातांचं सगळं आयुष्य विषात गेलंय. माझ्या अंगाला त्याचा वास आहे."

"हात कोण मागतंय? छाती द्या. चला, अंघोळ करा, साबण मी देते."

अंघोळ करून तो बाहेर आला तेव्हा सिस्टर लेकीला विचारून परतल्या होत्या. "काय म्हणाली?" त्याने घाबरत विचारलं.

"म्हणाली, यमाला सांगा, आज सुट्टी घ्या."

खुर्चीत त्याला मागे रेलून बसवलं आणि मुंगीला त्याच्या छातीवर पालथं ठेवलं. वजन जवळजवळ नव्हतंच. ओल्या पिसासारखं काहीतरी चिकटलं आणि त्याखाली घाईघाईने टकटक करणारं काळीज. नाकातली प्राणवायूची नळी सिस्टरांनी पट्टीने नीट बसवली, वर दोन पांघरुणं घातली आणि यमाजीचं एक बोट तिच्या तळव्याशी नेऊन ठेवलं.

"हिचं पोट तुमच्या पोटावर हलतंय, कळतंय ना? थांबलं तर टिचकी. मला हाक मारत बसू नका, आधी टिचकी."

यंत्रवाल्याने प्लग काढला. पेटी तिरकी केली आणि तो ती दाराकडे ओढायला लागला. ती दोन हात सरकली असेल नसेल, तोच तिच्या पोटातून झुरळं सांडली. बरण्यांच्या मोहाला बळी न पडलेली, ऊब गेल्याने बावरलेली. दादा ओल्या फडक्याने ती टिपत गुडघ्यांवर धावत होता. या वयात, सांधे दुखत असताना.

एक निसटलं. ते सरळ यमाजीच्या खुर्चीकडे आलं. अंधारात गार फरशीवर त्या खोलीतली सगळ्यात ऊबदार गोष्ट आता तोच होता. झुरळ त्याच्या अनवाणी अंगठ्यावर चढलं, घोट्यावर आलं. उभ्या जन्मात त्याने इतक्या जवळचं झुरळ जिवंत सोडलं नव्हतं. पाय नुसता आपटला असता तर काम झालं असतं, पण मुंगी हलली असती. तो दगड होऊन बसला. झुरळ पोटरीवर आलं.

आणि त्याच वेळी त्याच्या पोटावरची हालचाल थांबली.

त्याने वाट बघितली. आता हलेल, आता हलेल. नाही. काळीज टकटकत होतं, पण हळू होत चाललं होतं. टिचकी मार, मेल्या, असं तो स्वतःलाच मनात ओरडून सांगत होता आणि बोट हलत नव्हतं. या बोटाला फक्त चिरडणं ठाऊक होतं. कितीसा जोर लावायचा? त्याने डोळे मिटले आणि टिचकी मारली.

काही नाही.

झुरळ गुडघ्यावर पोचलं होतं. यमाजीला ते कळत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. चढ बाबा, म्हणाला तो मनात, कुठे चढायचं तिथे चढ. त्याने दुसरी टिचकी मारली, जरा जोरात, आणि तिच्या टाळूवर ओठ टेकून म्हणाला, "मुंगे, घे गं. घे ना गं बाई."

मुंगी दचकली. सगळं अंग एकदा आखडलं आणि तिने श्वास ओढला. मग दुसरा. मग एक बारीक, चिडका, कुरकुरणारा आवाज काढला, जणू झोपमोड केल्याचा जाब विचारत होती. सिस्टर पाठीशीच उभ्या होत्या. त्यांनी एका हाताने त्याच्या गुडघ्यावरचं झुरळ फडक्यात पकडलं आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"मी बघत होते," त्या म्हणाल्या. "तिसरी मीच मारणार होते."

पेटी धुऊनपुसून परत आली. यंत्रवाल्याने फटींना बारीक जाळी बसवली होती आणि तो पुन्हा शीळ घालत होता. आकडा स्थिर झाला. मुंगीला आत ठेवताना यमाजीची छाती गार पडली. त्याला तिला सोडवत नव्हतं, हे त्याने कोणापासून लपवलंही नाही.

दादा दारापाशी बरणी हातात धरून उभा होता. "ही नेतो," तो म्हणाला. "टाकी रिकामी करतो आणि ही ठेवतो. आजवर आपण चुकीच्या झुरळांना विचारत होतो रे."

"ने. पण एक लक्षात ठेव, दादा. आता बलकाला नाही म्हणणारंही कुठेतरी असणार. आज जी बरणीत पडली नाहीत, ती का पडली नाहीत, ते बघ. आणि थेंब अखंड दिसला की टाळ्या वाजवायच्या नाहीत. थांबून बघायचं."

दादाने मान हलवली. धाकट्याकडून ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती, पण आज त्याने ऐकलं.

आत सिस्टरांनी सुई काढली. रक्त तपासायला हवं होतं. नेहमीप्रमाणे त्यांनी मुंगीच्या ओठावर साखरपाण्याचा थेंब ठेवला. यमाजी काचेला कपाळ टेकवून उभा राहिला. आज दिवसभर त्याने गोडाला नाही म्हणणारेच बघितले होते. थेंब ओठावर थरथरला, ओघळायला लागला.

मुंगीची जीभ बाहेर आली. गुलाबी, नखाच्या टोकाएवढी. तिने थेंब आत घेतला, थांबली, आणि मिटकी मारली. मग आणखी एक.

यमाजी रडत होता आणि हसत होता आणि त्याला स्वतःचंच भान नव्हतं. त्याने काचेवर थापा मारल्या.

"सिस्टर! आवडलं तिला! अजून द्या! गोड वाढवा!"

सिस्टरांनी दार किलकिलं केलं. "एकच थेंब असतो, काका. वाढवायचा नसतो."

यमाजीने डोळे पुसले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "वाढवायचा नसतो."